नैऋत्येची भिंत

गुन्वोरबाईंचं घर पुढून पांढरं, मागून लाल.
लाल रंग स्वस्त पडायचा तेव्हा,
आणि मागून बघणाऱ्या फक्त मेंढ्या.
पण पाऊस येतो तो मेंढ्यांच्याच बाजूने,
समुद्रावरून, आडवा,
वळचणीला न जुमानता.

त्या बाजूच्या फळ्या बारा वर्षांपूर्वी मी चढवल्या.
आज उतरवायला मीच आलोय.

तळापाशी उकिडवा बसलो.
पेचकसाचं टोक नुसतं टेकवलं, जोर लावलाच नाही,
भिजल्या पावात शिरावा तसा
मुठीपर्यंत आत गेला.

लाकूड चांगलं होतं, हे आधी सांगून ठेवतो.
पाइनचा गाभा, सावलीत संथ वाढलेला,
बोटभर रुंदीत वीस वर्षं मोजून घ्यावीत.
टोकं खालून तिरकी कापली होती,
पागोळी रेंगाळू नये म्हणून.
जमिनीपासून फूटभर वर, शिंतोड्यांच्या आवाक्याबाहेर.
खिळा एका फळीला एकच, मधोमध,
शेजारणीला त्यात गुंतवायचं नाही.
लाकूड ओलीत फुगतं, कोरड्यात आक्रसतं,
दोघींना एका खिळ्यात धरलं की एक जण उभी फाटते.
हे मला शिकवलं माझ्या बापाने,
ज्याने घरात आम्हा सगळ्यांना
एकाच खिळ्यात ठोकलं होतं.
ते असो.

चुकलं ते मागे.
फळीच्या पाठीशी हवेला वाट लागते,
खालून आत, वरून बाहेर.
पाऊस पुरता अडवणारी भिंत अजून कुणी बांधलेली नाही.
आत आलेल्याला परत जाऊ द्यायचं, एवढंच आपल्या हातात.

गुन्वोरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या,
त्या फटीतून उंदीर चढतात,
रात्री उशाशी खुडबुडतात.
ओद्मुनला जाऊन तीन आठवडे झालेत,
दर खुडबुडीला मी उठून बसते,
दार उघडायला जाते.

गाडीत जाळी होती.
नव्हती, खरं तर.
बर्गनहून मागवायची तर गुरुवार उजाडला असता
आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.
मी पट्ट्या ठोकल्या.
खाली एक, वर एक. गच्च.

तिरिल, माझी शिकाऊ, पहिली फळी उचकटून थांबली.
मागे काळी बुरशी, सुटलेले तंतू,
खिळे मात्र अजून चकचकीत.
"कोणत्या गाढवाने बुजवलंय हे?"
मी पहारीचं टोक तपासत राहिलो.
मागच्या दारात कॉफीचा थर्मास घेऊन गुन्वोरबाई.
"बारा वर्षं झोपले मी," त्या म्हणाल्या,
"तिला सांग, लाकडापेक्षा जास्त."

तिरिलला काही कळलं नाही. मीही सांगितलं नाही.
आम्ही कॉफी घेतली, पहार घेतली,
संध्याकाळपर्यंत भिंत उघडी पडली,
आतला काळा कागद वाऱ्याने श्वास घ्यावा तसा हलत होता.

नव्या पट्ट्या उभ्या, मग आडव्या.
तळाला स्टीलची जाळी, करंगळीही जाणार नाही अशी.
दोन दिवसांनी शेवटची फळी बसली तेव्हा
गुन्वोरबाईंनी वाकून खालच्या फटीशी तळवा धरला,
बराच वेळ, चुलीवर धरावा तसा.
"गार लागतंय."
लागणारच, मी म्हटलं.
"आवाज?"
वाऱ्याचा येईल. दक्षिणेचा असला तर शिट्टी.
त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती का, माहीत नाही.

बिलात लाकूड लिहिलं, खिळे, जाळी.
मजुरीची ओळ कोरी सोडली.
त्यांनी चष्मा शोधला, ती ओळ वाचली,
आणि माझ्याच पेनाने तिथे आकडा घातला,
माझ्या दरापेक्षा दोनशे क्रोनर जास्त.
भांडून उपयोग नव्हता.

रंग पुढच्या उन्हाळ्यात, लाकूड सुकल्यावर.
लाल की पांढरा, हे ठरलं नाही.
शिडी गाडीवर बांधताना पाहिलं,
मेंढ्या येऊन नव्या फळ्या हुंगत होत्या,
ताज्या राळेला नाक लावून.
त्यांच्या लेखी पुढची बाजू हीच.